कोरडवाहू रुपया : दिग्रसच्या गल्ल्यातील स्मारक नाणी

१९८७ साली भारत सरकारने एक रुपयाचे एक स्मारक नाणे चलनात आणले. त्याचा विषय होता 'लहान शेतकरी'. पुढच्याच वर्षी आणखी एक रुपया आला आणि त्याचा विषय होता पावसावर अवलंबून असलेली शेती, म्हणजे विदर्भातला माणूस जिला कोरडवाहू म्हणतो ती. चांदीच्या, मखमली पेटीतल्या संचांपुढे या दोन नाण्यांना संग्राहकांच्या बाजारात फारशी किंमत नाही. पण दिग्रससारख्या कापसाच्या गावी ही नाणी आली ती संग्रहासाठी आली नव्हती. ती मीठ-मिरचीच्या, तेलाच्या, काडेपेटीच्या देवघेवीत आली, गल्ल्यात पडली आणि सुटे म्हणून पुन्हा बाहेर गेली. आमच्या घरच्या दुकानाच्या गल्ल्यातून बाजूला काढलेल्या अशा नाण्यांचा एक पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे. त्या डब्याकडे एक संहिता म्हणून पाहता येईल का, असा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकापुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

स्मारक नाणे म्हणजे काय, याचे तांत्रिक उत्तर सोपे आहे. नेहमीच्या नाण्याची एक बाजू एखाद्या व्यक्तीच्या, घटनेच्या किंवा विषयाच्या स्मरणार्थ बदलली जाते. हा निर्णय केंद्र सरकारचा असतो. नाणी पाडण्याचा अधिकार सरकारचा, रिझर्व्ह बँकेकडे केवळ वितरण, हा भेद नोटांच्या सवयीमुळे आपल्या लक्षात राहत नाही. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ सालचे. नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या मुखवट्याचा रुपया आणि पन्नास पैसे निघाले. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि चांदीचे दहा रुपये अशी नाणी आली. दोन्ही वेळा नाण्यावर पाडल्याचे वर्ष नाही, आहेत ती जन्ममृत्यूची वर्षे. चलनाच्या वस्तूवर काळाची नोंद करताना टांकसाळीने स्वतःचा काळ पुसून टाकला आणि चरित्राचा काळ लिहिला. नाण्याचे स्मारक कसे होते, ते इथे उघड दिसते.

यानंतर जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९७० पासून पुढची सुमारे पंचवीस वर्षे आपल्या स्मारक नाण्यांवर चेहऱ्यांपेक्षा घोषणा जास्त आहेत. १९७० च्या वीस पैशांवर सर्वांसाठी अन्न. १९७३ च्या पन्नास पैशांवर अधिक धान्य पिकवा. १९७४ च्या दहा पैशांवर नियोजित कुटुंब आणि सर्वांसाठी अन्न. मग विकासासाठी बचत, अन्न आणि निवारा, १९८० साली ग्रामीण स्त्रियांची प्रगती, १९८५ च्या पंचवीस पैशांवर विकासासाठी वनीकरण, १९८६ च्या पन्नास पैशांवर मत्स्यव्यवसाय, आणि मग आपले ते दोन रुपये. ही नाणी एका मांडीवर ओळीने ठेवली तर प्रजासत्ताकाच्या तिसऱ्या आणि चौथ्या दशकाची एक आज्ञार्थी कविता तयार होते. क्रियापदे सगळी 'करा', 'वाढवा', 'वाचवा' अशा जातीची. बोलणारे सरकार आणि ऐकणारा बहुधा शेतकरी.

या घोषणा दिल्लीत सुचलेल्या होत्या असे मात्र नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने साठच्या दशकाच्या अखेरीस सदस्यदेशांना आपल्या विषयांवर नाणी काढण्याचे आवाहन केले आणि भारत त्या योजनेत सातत्याने राहिला. १९८१ पासून १६ ऑक्टोबरला जागतिक अन्नदिन पाळला जाऊ लागला. त्याचे दरवर्षीचे विषय आणि आपली नाणी ताडून पाहावीत. १९८६ मच्छीमार, १९८७ लहान शेतकरी, १९८९ अन्न आणि पर्यावरण, १९९० भविष्यासाठी अन्न, १९९४ पाणी म्हणजे जीवन. विषय रोममध्ये ठरत होता आणि मुंबई, कोलकाता, हैदराबादच्या टांकसाळीतून तो दिग्रसच्या गल्ल्यात उतरत होता.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. १९ मार्च १९८६ रोजी याच यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाण गावच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या इतिहासात पहिली जाहीर नोंद म्हणून ही घटना सांगितली जाते आणि तिच्या स्मरणार्थ त्या तारखेला अन्नत्याग केला जातो. या घटनेच्या पुढच्याच वर्षी लहान शेतकऱ्याचे नाणे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की कुणाही वाचकाला त्यांत कार्यकारणभाव दिसू लागतो. मलाही दिसला होता, आणि काही काळ मी तो इतरांना सांगतही होतो. तो खोटा आहे. नाण्याला चिलगव्हाणची खबर नव्हती. रोमच्या वेळापत्रकातली ती एक ओळ होती. पण योगायोग म्हणून तो सोडून द्यावा असेही मला वाटत नाही. स्मरण करायचा म्हणून जो विषय नाण्यावर आला, त्या विषयाचा खरा इतिहास त्याच वेळी नाण्याच्या बाहेर घडत होता, आणि नाण्याला ते ठाऊक नव्हते. या न-ठाऊक असण्याची तारीख त्या रुपयावर छापलेली आहे.

१९७३ च्या पन्नास पैशांचीही अशीच गोष्ट. अधिक धान्य पिकवा असे ते नाणे सांगत होते, तेव्हा महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळातून जात होता. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, दिग्रसच्या शेजारच्या पुसद तालुक्यातले, गहुलीचे. रोजगार हमी योजना आणि कापसाची एकाधिकार खरेदी ही दोन्ही त्याच काळातली. एकाधिकार खरेदीमुळे कापसाचा पैसा व्यापाऱ्याच्या हातून रोख येण्याऐवजी चुकाऱ्याच्या रूपाने येऊ लागला. 'चुकारे झाले का?' हा प्रश्न आमच्या भागात एका ऋतूचे नाव असल्यासारखा विचारला जाई. चुकारा झाला की बाजारात नवी नाणी दिसत. त्यामुळे 'अधिक धान्य पिकवा' हे वाक्य इथे धान्य पिकवणाऱ्याच्या हातात कमी आणि कापूस विकून धान्य विकत घेणाऱ्याच्या हातात जास्त पडले असणार. नगदी पिकाच्या मुलखात अन्नघोषणेचे नाणे हे थोडेसे चुकीच्या पत्त्यावर आलेले पत्र होते.

आणि १९९५ चे दोन रुपये. भारतीय शेतीचे जागतिकीकरण, कृषी प्रदर्शन ९५. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होता. या दोन वाक्यांच्या मधली अकरा वर्षे ते दोन रुपयांचे नाणे दिग्रसच्या बाजारात फिरत होते. कापसाच्या इतिहासाचा यापेक्षा त्रोटक मजकूर मी दुसरा वाचलेला नाही.

नाणे चलनातून काढून जवळ ठेवण्याची रीत या भागात संग्राहकांनी आणली, असे समजण्याचे कारण नाही. दिग्रस, पुसद, दारव्हा हा बंजारा वस्तीचा मुलूख. पोहरादेवी इथून जवळ. बंजारा स्त्रीच्या काचळीवर आणि फेटियावर, ओढणीच्या काठावर, केसांतल्या दागिन्यांत चांदीची नाणी असत. पावल्या, अधेल्या, राणीछाप रुपये. ही नाणी चलनातून निवृत्त झालेली, पण कपाटात बंद नव्हती. ती चालताना वाजत आणि दिसत, आणि अडीअडचणीला उसवून पुन्हा पैसा होत. संग्राहकाच्या अल्बममधले नाणे आणि फेटियावरचे नाणे यांत मूलभूत फरक हाच की पहिल्याला स्पर्श वर्ज्य, दुसरे स्पर्शावाचून निरर्थक. वापरातले नाणे भोक पाडून शिवले की कॅटलॉगच्या भाषेत ते 'खराब' होते. ज्या हातांनी ते शिवले त्यांच्या भाषेत तिथूनच ते चांगले होते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वाजणारे नाणे काचेमागे गेले की त्याचे काय होते, हा प्रश्न यापुढे तिथल्या अभ्यासकांनाही सोडवावा लागेल.

चलनाच्या बाबतीत हा प्रदेश एरवीही दुभाषी होता. वऱ्हाड १८५३ च्या करारानंतर इंग्रजांच्या ताब्यात गेला, निजामाचे स्वामित्व कागदावर राहिले. पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी कलदार आणि पलीकडे, माहूर-किनवटच्या बाजूला, हैदराबाद संस्थानचा हाली सिक्का. साधारण सहा कलदारांना सात हाली असा भाव. रेणुकेच्या दर्शनाला माहूरला जाणाऱ्या वऱ्हाडी माणसाला नदी ओलांडली की चलन बदलत असे. नाणे म्हणजे कुणाचा तरी शब्द आणि तो शब्द विशिष्ट काठापर्यंतच चालतो, हे त्याला पुस्तकावाचून माहीत होते.

लोक नाणे वाचतात, आणि आपल्या रीतीने वाचतात. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या पोशाखावरील साखळीत एक हत्ती होता. तो लोकांना डुकरासारखा दिसला आणि एवढा गवगवा झाला की बहुतेक नाणी परत घेऊन पुढच्या वर्षी हत्ती नीट काढावा लागला. त्याच्याही आधीचे उदाहरण आपल्या घरांतले आहे. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मूळची व्हेनिसची सोन्याची मोहर. तिच्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला अधिपती. इथल्या सोनारांनी तिच्या नकला घडवल्या, नकलेच्या नकलेत संत आणि अधिपती ओळखू येईनासे झाले, आणि मराठी स्त्रीच्या गळ्यात त्या निव्वळ पुतळ्या उरल्या. परकीय मजकूर असा मुरवून घेण्याची ताकद एखाद्या भाषांतरकारालाही हेवा वाटावी अशी आहे.

मराठी वाचकाला ज्या नाण्यांविषयी आपलेपणा वाटतो ती नव्वदीनंतरची आहेत. १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ चे संत तुकारामांचे दोन रुपये, २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच. घोषणा मागे पडून चेहरे पुढे आले. हा बदल राजकारणाच्या अभ्यासकांनी पाहावा. साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यात वेगळे काही दिसेल. शिवाजी महाराजांच्या स्वतःच्या नाण्यावर, होनावर आणि शिवराईवर, चेहरा नाही. आहेत ती देवनागरी अक्षरे : 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति'. १६७४ नंतर ही अक्षरे तांब्यावर उमटली आणि शिवराई पुढे सुमारे दोन शतके महाराष्ट्राच्या हातात खेळली. सत्तेचा पुरावा म्हणून नाव पुरेसे होते. १९९९ साली दोन रुपयांवर मूर्ती आली. नावावरचा विश्वास मूर्तीकडे सरकला, एवढाच या दोन नाण्यांमधला इतिहास नाही, पण तो आहे.

ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांची गोष्ट याहून अवघड. त्यांचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. नाण्यावर जो आला तो मूर्तिकारांनी, दिनदर्शिकांनी आणि चित्रपटांनी घडवलेल्या परंपरेतला. अधिकृत राजमुद्रेशेजारी लोककल्पना येऊन बसली, याचे मला वाईट वाटत नाही, उलट बरेच वाटते. खटकते ते दुसरेच. ज्याने घरच्या सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली अशी आख्यायिका आहे, राजाने धाडलेला नजराणा ज्याने परत केला असे सांगतात, तो नाण्यावर. या नाण्याचा चांदीचा शंभर रुपयांचा अवतारही निघाला, तो तर केवळ संग्राहकांसाठी. तुकोबांचे दोन रुपये दिग्रसच्या बाजारात आले ती वर्षे कर्जाचीच होती. सावकाराच्या गल्ल्यात आणि कर्जदाराच्या खिशात तेच नाणे. विडंबन कुणी केले नव्हते, ते आपोआप झाले.

डॉ. आंबेडकरांच्या रुपयाबाबत मात्र नियतीने एकदा तरी नेमकेपणा दाखवला. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा लंडन विद्यापीठासाठीचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि भारतीय चलनाविषयीच्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. रुपयावर ज्यांचे चित्र उमटले, त्यांच्यात रुपयाचा प्रश्न मुळापासून मांडणारा हा विद्वान. विदर्भात अनेकांनी तो रुपया खर्च केला नाही. ते सगळे काही नाणेसंग्राहक नव्हते.

२०१५ साली त्यांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त दोन धातूंचे दहा रुपयांचे नाणे निघाले आणि त्याबरोबर १२५ रुपयांचे, जे चलनासाठी नव्हते. याच सुमारास देशभर एक अफवा पसरली की दहाची काही नाणी खोटी आहेत. कारण साधे होते. दहाच्या नाण्याची रूपे इतकी झाली की खरे कोणते, याबद्दल लोकांची खात्री राहिली नाही. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावे लागले की आजवर चौदा प्रकारची दहाची नाणी काढली आहेत आणि ती सर्व कायदेशीर चलन आहेत. त्या दिवसांत एका भाजीवालीने माझ्या हातातले दहाचे नाणे परत केले होते. 'हे चालत नाही भाऊ, दुसरं द्या.' मी तिला कायदा सांगितला नाही. तिचे वाचन चुकीचे होते, पण तिची वाचनपद्धती चुकीची नव्हती. नाण्याचे काम सारखे दिसणे हे आहे, आणि स्मारकाचे काम वेगळे दिसणे. ही दोन कामे एकाच चकतीवर किती काळ नांदणार? स्मरणाचा उत्साह वाढला तेव्हा भाव विश्वासाने चुकवावा लागला, आणि तो चुकवला हातगाडीवाल्यांनी.

सरकारने यावर काढलेला मार्ग, ठरवून काढला असो वा नसो, आज स्पष्ट दिसतो. स्मारक नाणे बाजारात आणायचेच नाही. २०११ च्या नाणेविषयक कायद्याने हजार रुपयांपर्यंतच्या दर्शनी मूल्याची नाणी काढता येतात. २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या निमित्ताने ७५ रुपयांचे नाणे निघाले. पस्तीस ग्रॅम वजन, निम्मी चांदी. पंचाहत्तर रुपयांचे काही विकत घेण्यासाठी ते कुणी खर्च करणार नाही, कारण ते दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट किमतीला टांकसाळीकडून मागवावे लागते. संग्राहक पूर्वी चलनातून नाणे उचलत असे. आता नाणे त्याच्यासाठीच पाडले जाते. त्याच्या पेटीत ते झिजणार नाही, आणि त्याच्यावर काय लिहिले आहे हे दिग्रसच्या बाजारात कुणाला कळणारही नाही. मी स्वतः असे दोन संच घेतले आहेत, तेव्हा इतरांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण ते संच मी क्वचितच उघडतो.

उलट पत्र्याचा डबा वारंवार उघडला जातो. विद्यार्थी आले की मी त्यांना एकेक नाणे हातात देतो आणि आधी वर्षाखाली बघायला सांगतो. तिथे बारीक चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मग मागची बाजू. पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली, त्यामुळे सर्वांसाठी अन्न, ग्रामीण स्त्रिया, वनीकरण ही सगळी मंडळी आता पैसा नाहीत. गांधींचे वीस पैसेही नाहीत. नेहरूंचे पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात, बाजाराने ते केव्हाच नाकारले आहेत.

संग्रहशास्त्र न झिजलेल्या नाण्याला श्रेष्ठ मानते. माझ्याकडे लहान शेतकऱ्याचे दोन रुपये आहेत. एक बाहेरून घेतलेला, अगदी कोरा, अक्षर न् अक्षर लखलखीत. दुसरा गल्ल्यातला. त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत, अक्षरांचे उंचवटे बसले आहेत, आणि १९८७ मधला सात प्रकाशात तिरका धरल्यावरच दिसतो. तो सात शोधायला विद्यार्थ्यांना नेहमी थोडा वेळ लागतो.